गोलातून पहिली सुटणारी

१ डिसेंबर, रविवार

तेजलनं भाकरी मोडता मोडता सांगितलं, "पप्पा, या सीझनला मी पहिली रशर." मीठ मागावं इतकं सहज.

"म्हणजे काय व्हय?" पुष्पानं विचारलं.  अख्ख्या जिल्ह्याला भोंग्यातून हॉकी समजावून सांगणारा मी, आपल्याच स्वयंपाकघरात मला पेनल्टी कॉर्नर समजावता येईना. शेवटी तेजलनंच सांगितलं. "आई, आपल्या चार जणी आणि गोलकीपर गोलाच्या रेघेवर उभ्या राहतात. समोरची टीम चेंडू आत ढकलते, अर्धगोलाच्या टोकाला थांबवते, आणि त्यांची सगळ्यात ताकदीची पोरगी तो गोलावर फेकते. तेवढ्यात आपल्यातली एक जण सरळ त्या चेंडूच्या अंगावर धावते. ती मी."

"अन् लागला तर?"

"मास्क असतो ना तोंडाला."

"तोंडाला. बाकीची तू?"

पुष्पाला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, पण विचारते नेमकं. तेजल हसली आणि भरीत पुढ्यात ओढून घेतलं. दोन वर्षं चांगली सेंटर हाफ खेळत होती, मैदानाच्या मधोमध, सुखात. हे काय डोक्यात घेतलं कोण जाणे.

बियाण्याच्या दुकानातून मिळालेली ही डायरी वर्षभर कोरीच पडली होती. मी बोलून जगणारा माणूस, लिहिण्याची सवय नाही. पण आज मनात जे आलंय ते कुणाला बोलून दाखवण्यासारखं नाही. मला भीती वाटते आहे. लिहून बघितलं. कमी नाही झाली.

४ डिसेंबर, बुधवार

बाजार समितीत लिलाव पुकारणं हे माझं पोटाचं काम. हॉकीचं समालोचन जिवाचं. तरुणपणी मी भुसावळच्या मैदानावर कायमचा राखीव खेळाडू होतो. एकदा माईकवर बोलणारे गुरुजी आलेच नाहीत, तेव्हा बाकावर सगळ्यात जास्त बडबड कोण करतो म्हणून माईक माझ्या हातात दिला. तो पुन्हा कुणी मागितला नाही. पुढं पोळा झाला, गणपती झाले, निवडणुकीच्या रिक्षाही झाल्या, पण हॉकी ती हॉकी. क्रिकेटवाल्यांना मध्ये पाणी प्यायला सवड असते. इथं एक नाव तोंडातून बाहेर पडेपर्यंत चेंडू तिसरीकडे गेलेला असतो.

रशरला आमच्याकडे कुणी विचारायचं नाही. गोल करणारा खांद्यावर, अडवणारा गोलकीपर पेपरात. तो मधला वेडा जो चेंडूवर धावतो, त्याचं नाव गाजवलं ते मी. "सुटला! छाती काढून सुटला!" हे माझं वाक्य पोरं गल्लीत नक्कल करून म्हणतात. आमची तेजलही लहानपणी अंगणात टॉवेल गुंडाळून हेच ओरडत धावायची. तेव्हा गंमत वाटायची.

दोन नियम मी पाळत आलो. आमच्या मैदानांवर भोंगे चारी बाजूंना असतात, त्यामुळे मी बोलतो ते खेळाडूंनाही ऐकू जातं. म्हणून माईकवरून कुणाला सूचना द्यायची नाही. "उजवीकडे दे" नाही, "मागे बघ" नाही. जे घडलं तेवढंच सांगायचं. दुसरा नियम तेजल खेळायला लागल्यावर माझा मीच केला. आपल्या पोरीचं नाव घ्यायचं नाही. अगदीच गरज पडली तर "पाच नंबर" म्हणायचं. ती हाफ खेळायची तेव्हा मी "चेंडू जळगावकडे" म्हणून पुढं सरकायचो. लोकांनी असं म्हणायला नको की नवलभाऊ पोरीचं कौतुक करतो. गेल्या वर्षी एका सामन्यानंतर ती म्हणाली होती, "पप्पा, आज मी दोनदा चेंडू काढून घेतला, तुम्ही बोललेच नाही." मी म्हटलं, घाई होती. तिनंही विषय वाढवला नाही. समजूतदार आहे.

८ डिसेंबर, रविवार

आंतरजिल्हा करंडकाचा पहिला सामना, जळगावला, नाशिकच्या पोरींशी. पहिला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि मी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तेजल मास्क चढवून रेघेवर वाकली. त्या मास्कमध्ये ती कुणाचीच पोरगी वाटत नव्हती. चेंडू आत आला आणि ती सुटली. सुटली म्हणजे काय, मला आधी तिची पाठच दिसली, मग धूळ. मी "पाच नंबर" एवढंच म्हणालो आणि गप्प झालो. चेंडू तिच्या स्टिकला लागून बाहेर गेला. टाळ्या मी ऐकल्या, पण त्यावर मी काहीच बोललो नाही. 

सामना संपल्यावर सुपडू आबा समालोचनाच्या मांडवात आले. आबा धुळ्याचे, करंडक त्यांनीच सुरू केला, वयानं माझ्या वडिलांएवढे. "नवलभाऊ, तुना आवाज बसी गया का रे आज?"

मी घशाला हात लावून धुळीवर ढकललं. घरी येताना तेजल गाडीवर मागे बसून कानात ती तार घालून काहीतरी ऐकत होती. सारखी तेच करते. पुष्पाला म्हटलं, सामना जिंकून आली आणि बापाशी बोलायचं सोडून गाणी ऐकते. पुष्पा म्हणाली, "गाणे नई राहत ते. कोनाचं तरी बोलणं राहते." कुणाचं विचारलं तर म्हणे तुम्हीच विचारा. बापाला सांगण्यासारखं नसेल तर मी कशाला विचारू.

१० डिसेंबर, मंगळवार

जळगावला जाऊन तिच्यासाठी नवा मास्क आणला. दुकानदार म्हणाला, यातला सगळ्यात मजबूत हाच. दुकानदार काय म्हणणार.

तेजल कॉलेजात होती तेव्हा मी तो स्वतः घातला, अंगणात उभा राहिलो आणि पुष्पाला म्हटलं, चेंडू मार. ती दळणाचा डबा घेऊन निघाली होती. तिनं डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तुमचं डोकं फिरलं काय?"

"मार तू. जोरात."

तिनं मारला. तो माझ्या पोटावर बसला आणि मी तुळशीपाशी उकिडवा झालो. पुष्पाला आधी हसू आलं आणि मग ती एकदम माझ्याजवळ येऊन बसली. "इतके कायले घाबरून राहिले तुम्ही? सांगा ना तिले."

मी म्हटलं, बापानं पोरीला सांगायचं का की मला भीती वाटते? तिला खेळवायचं मीच ठरवलं, गावानं नावं ठेवली तेव्हा मीच पुढं झालो. पुष्पानं डबा उचलला आणि गेली. मी मास्क पुसून जागेवर ठेवला.

१५ डिसेंबर, रविवार

लागला.

मांडीवर लागला. दुसऱ्या सामन्यात, दुसऱ्या सत्रात. ती खाली बसली, लगेच उठली, लंगडत रेघेवर परत गेली आणि दोन मिनिटांनी पुन्हा तशीच सुटली. मोबाईलवर सामना बघणाऱ्यांनी लिहिलं होतं म्हणे, कॉमेंट्रीवाले झोपले का. मी झोपलो नव्हतो. मी टेबलाखाली पाय घट्ट दाबून बसलो होतो, कारण ते आपोआप मैदानाकडे निघाले होते.

घरी पुष्पानं मीठ तापवून पुरचुंडीनं शेकलं. मांडीवर काळानिळा डाग, पुरीएवढा. मी दारातूनच पाहिला. तेजल म्हणाली, "पप्पा, मी चेंडूच्या एवढी जवळ गेले होते की मारणारीच घाबरली. दिसलं का तुम्हाला?"

मी हो म्हटलं. मला काहीच दिसलं नव्हतं, मी डोळे मिटले होते. इतक्या वर्षांत मी मैदानावर पहिल्यांदा डोळे मिटले, आणि तेही माईक चालू असताना.

१७ डिसेंबर, मंगळवार

तिच्या नकळत योगेंद्र सरांना भेटलो. कोच म्हणून पोरगा चांगला आहे, माझ्याहून बराच लहान, पण मी त्याच्यापुढे हात जोडायचेच बाकी ठेवले. "सर, तिला परत हाफला घ्या ना. तिथं ती जास्त उपयोगी आहे, खेळाच्या दृष्टीनं म्हणतोय."

सर म्हणाले, "नवलभाऊ, मी नाही केलं तिला रशर. ती स्वतः मागायला आली होती. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, सर, हाफला मी कितीही चांगली खेळले तरी उपयोग नाही."

"उपयोग नाही म्हणजे?"

"ते मी विचारलं नाही. तुम्ही म्हणत असाल तर काढतो, पण तिला सांगून काढीन की पप्पांनी सांगितलं."

मी नको म्हटलं. हाफला उपयोग नाही म्हणजे काय, मला कळलं नाही. निवड समिती हाफकडे बघत नाही असं कुणीतरी पोरींच्या डोक्यात भरवलं असेल.

२६ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी काढून भुसावळला तोतारामकडे गेलो. हा खूप वर्षांपूर्वी रेल्वेच्या मैदानावर रशर होता. एका कॉर्नरला चेंडू जबड्यावर बसला. मी तेव्हा बोलत होतो. तो आवाज माझ्या माईकनं उचलला होता आणि भोंग्यातून सगळ्या मैदानावर गेला होता. ओला नारळ फोडल्यासारखा. गेला महिनाभर लिलाव पुकारतानासुद्धा तो आवाज मला मध्येच ऐकू येतो.

तोतारामचं आता टायरचं दुकान आहे. जबडा अजून एका बाजूला ओढलेला आहे, हसला की जास्त दिसतो. त्यानं चहा मागवला. मी विचारलं, धावताना भीती वाटायची का?

"धावतानी नई वाटे, नवलभाऊ. अन् जवळ पोचलो की समोरचाच घाबरे. त्या दिवशी मी मधीच थांबलो. कायले थांबलो ते आजूक समजलं नई. थांबलो अन् लागला."

मी घरी येईपर्यंत बसमध्ये त्याच्या जबड्याचाच विचार करत होतो. जेवताना तेजलच्या तोंडाकडे बघवेना. तिनं विचारलं, कुठं गेला होतात. मी म्हटलं, मुक्ताईनगरला, दर्शनाला.

१२ जानेवारी, रविवार

उपांत्य सामना जिंकलो. ती सगळ्या कॉर्नरना धावली, एक ओरखडा नाही. मी "पाच नंबर, पाच नंबर" एवढं म्हणत राहिलो, बाकी शब्द सुचतच नव्हते. लोक तिच्या नावानं ओरडत होते, पार वरच्या पायऱ्यांपर्यंत. सामना संपल्यावर सगळ्या पोरी गोल करून नाचत होत्या आणि ती एकटी कमरेवर हात ठेवून मांडवाकडे बघत उभी होती. मी पाण्याची बाटली दाखवली, हवी का म्हणून. तिनं मान हलवली आणि गेली.

अंतिम सामना पुढच्या रविवारी धुळ्यात, त्यांच्या मैदानावर. धुळ्याचं मैदान मुरमाचं. तिथं चेंडू सरळ येत नाही, मध्येच उसळतो.

१८ जानेवारी, शनिवार, धुळे

एक दिवस आधीच आलो, आबांकडे उतरलो. संध्याकाळी मैदानावर धुळ्याच्या पोरींचा सराव चालू होता. त्यांची कॉर्नर मारणारी रोशनी पावरा, शिरपूरकडची, बारीक अंगाची. चालताना वाटतही नाही. पण ती चेंडू स्टिकवर ओढून घेऊन फेकते तेव्हा गोलामागची लाकडी फळी अशी वाजते की मैदानाबाहेरची कुत्री उठून बसतात. मी तासभर बघितलं. तिनं डावा पाय लांब टाकला की चेंडू जमिनीलगत जातो. जवळ टाकला की छातीच्या उंचीनं सुटतो. हे मला कळलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. समालोचकाचं कामच आहे ते.

आबांना म्हटलं, उद्या मी बोलत नाही, दुसरं कुणी बघा.

"तू नही बोलना ते मैदान मुकं व्हयी जाई," आबा म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुनी पोर शे ती, माले बठ्ठं समजस. पण माईक हातमा लिधा का ती पोर तुनी नही, जळगावनी शे. हाई ध्यानमा ठेव."

मी ध्यानात ठेवतो म्हटलं.

१९ जानेवारी

माझ्यामुळे लागला.

२१ जानेवारी, मंगळवार

आता लिहितो. सगळं नीट लिहितो.

शेवटचं सत्र, एक-एक बरोबरी. पाचेक मिनिटं उरली होती. धुळ्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पोरी रेघेवर गेल्या, तेजलनं मास्क चढवला. रोशनी अर्धगोलाच्या टोकाला येऊन उभी राहिली. मी बोलत होतो, काय ते आठवत नाही. चेंडू आत आला, तेजल सुटली, आणि मला रोशनीचा डावा पाय दिसला. जवळ टाकला होता.

चेंडू तेजलच्या छातीच्या उंचीनं येणार हे मला दिसलं. तोतारामचा जबडा दिसला. मी ओरडलो, "तेजल, थांब!"

चारही भोंग्यांतून गेलं ते. सगळ्या मैदानावर.

ती थांबली. अर्ध्या वाटेत, ताठ उभी राहिली, आणि मान वळवून मांडवाकडे बघितलं. चेंडू तिच्या मानेखाली खांद्याजवळ बसला. ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर पडली. स्टिक हातातून सुटली नव्हती.

मी उडी मारून उतरलो की पडलो ते माहीत नाही, मी मैदानात होतो. माईकची वायर माझ्या पायात आली होती. रोशनी तिथंच खाली बसून रडत होती, "काका, मी मुद्दाम नाही मारला, ती थांबली." तिला कुणी काही बोललं नाही. मला पण नाही बोललं. सगळ्या मैदानानं काय ऐकलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

तेजल धावत राहिली असती तर चेंडू निघताना रोशनीपासून चार पावलांवर पोचली असती. तिथं अंगावर लागला की फटका धोकादायक ठरतो, पंच आमच्या बाजूनं फ्री हिट देतात. आणि तिथं चेंडूनं उंचीही घेतलेली नसते, बहुतेक वेळा स्टिकलाच लागतो. अर्ध्या वाटेत लागला म्हणून तो अडवलेला गोल ठरला. पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला, म्हणजे एकट्या गोलकीपरसमोर मोकळा फटका, आणि तो गोलात गेला. नियमानं बरोबरच होतं. धुळं जिंकलं.

हासळीचं, गळ्याखालचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, जुळेल. दोन बोटं वर लागला असता तर, एवढं बोलून ते दुसरं काहीतरी लिहू लागले.

दवाखान्यात ती गुंगीत होती. मी पायाशी बसलो होतो. डोळे उघडून मला म्हणाली, "पप्पा, पहिल्यांदा नाव घेतलं तुम्ही."

तिनं असं म्हणायलाच पाहिजे. इतकी वर्षं नियम पाळला आणि नेमका तिथं मोडला. मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो. पुष्पा मागून येऊन जवळ बसली. मग आम्ही दोघंही रडलो.

२७ जानेवारी, सोमवार

नशिराबादला घरी आणलं. हात गळ्यात. केस पुष्पा विंचरून देते. योगेंद्र सर, टीमच्या पोरी येऊन गेल्या. माझ्याशी सगळे नीट बोलले, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी सुपडू आबा आले. इतक्या लांब, या वयात, एसटीनं. तेजलसाठी राजगिऱ्याचे लाडू आणले होते. मला ओट्यावर नेऊन म्हणाले, "हाई काय करं भाऊ तू?" मग ओट्याच्या कडेला टेकले. "कोनी काही बोलाव नही तुले. पण माईक आते मनाकडे दे."

मी आधीच ठरवलं होतं. माझा स्वतःचा माईक होता, निळ्या पिशवीतला. तो दिला. आबांनी तो घेताना माझा हात थोडा वेळ धरून ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार

ती पुन्हा खेळणार आहे. डॉक्टरांनी एप्रिलमध्ये हरकत नाही म्हटलंय. रशरच. माझा चेहरा सगळं बोलला असणार, कारण ती चटकन म्हणाली, "पप्पा, एक सांगायचंय. तुम्ही मैदानावर येऊ नका."

पुष्पा भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"माईकवर नाही, प्रेक्षकांत पण नको. तुमचा आवाज आला ना, की मला दुसरं काही ऐकूच येत नाही. लहानपणापासून असंच आहे. तुम्ही थांब म्हटलं की मी थांबणार. मला कळत होतं थांबायचं नाही, तरी थांबले."

मी बरं म्हटलं. माझ्या आवाजाची तिला एवढी धास्ती बसलीय. जो आवाज घेऊन आयुष्यभर मिरवलं तो आपल्याच पोरीला नको झाला. पुष्पाला रात्री असं म्हणालो तर ती माझ्यावर चिडलीच. "तुम्हाले काहीच कसं समजत नई हो?" काय समजायला हवं होतं ते मात्र सांगितलं नाही.

१६ मार्च, रविवार

अंगणात भिंतीवर चेंडू मारायला लागली. हात वर करताना अजून ओठ चावते. मी मागच्या खोलीत बसून ठक ठक मोजत नाही असं स्वतःला सांगत होतो. थोडा वेळ आवाज थांबला की मी खिडकीशी जातो. मग सुरू झाला की वाटतं, थांबला होता तेच बरं होतं.

२० एप्रिल, रविवार

धुळ्यात राज्य संघाच्या निवडीचा सामना. उन्हामुळे सकाळी सातला. तेजल काल टीमबरोबर गेली. निघताना मी गाडीपर्यंत बॅग नेऊन दिली. सांभाळून, एवढं तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि "स्टिक घेतली का" विचारलं. ती स्टिक हातातच धरून उभी होती.

मी आणि पुष्पा स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून बसलो. बोलायला आबांनी धुळ्याच्या कॉलेजातल्या चारुलता मॅडमना बसवलंय. बाई चांगलं बोलतात. स्वच्छ, घाई नाही, सगळ्यांची नावं पाठ. चांगलं बोलतात हे पाच मिनिटांत कबूल करावं लागलं. चहाला उकळी आली, पुष्पानं तो तसाच गॅसवर ठेवला.

पूर्वार्धाच्या शेवटी समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर. रोशनी नव्हती, दुसरी कुणी होती, अंगानं तिच्या दुप्पट. तेजल रेघेवर वाकली. पुष्पानं माझा दंड धरला. चेंडू आत आला. तेजल सुटली.

आणि चित्र थांबलं.

नेट गेलं. पडद्यावर ते गोल फिरायला लागलं आणि त्याच्यामागे तेजल, अर्ध्या वाटेत, एक पाय हवेत, तशीच थांबलेली. चारुलता मॅडमचा आवाजही तुटला. मी मोबाईल उचलला, हलवला, खिडकीशी नेला, दारात नेला. ती थांबलेलीच. मानेखाली खांदा उघडा, चेंडू कुठं आहे ते दिसत नाही.

मग माझ्या तोंडून निघालं ते मी ठरवलं नव्हतं. "जा! तेजल, जा! जा, पोहोच, तेजल, थांबू नको, अजून जा, पोहोचली, तेजल पोहोचली, स्टिक खाली, अंगावर गेली तिच्या, शाब्बास माझ्या वाघिणी, तेजल, तेजल, तेजल!" मी अंगणाच्या मधोमध उभा होतो, मोबाईल डोळ्यांसमोर धरून. पडद्यावर काहीच हललं नव्हतं.  इतका घाबरलेला मी कधीच नव्हतो, त्या दिवशीसुद्धा नाही, आणि तरी तोंड थांबत नव्हतं.

नेट आलं तेव्हा पोरी मधल्या रेघेकडे परत चालल्या होत्या. गोल झालेला नव्हता. तेजल मास्क डोक्यावर सरकवून कुणाशी तरी हसत बोलत होती.

मी वर बघितलं तर फाटकात शेजारच्या लताबाई, त्यांच्या मागे त्यांचा मुलगा, समोरच्या घरातले दोघं-तिघं, सगळे धावत आले होते. लताबाईंच्या हाताला पीठ होतं. "काय झालं हो भाऊ? कोणाले काय झालं?"

पुष्पा माझ्या मागे उभी होती, ती बोलेल म्हणून मी थोडा थांबलो. तिनं मलाच पुढं केलं.

"काही नाही झालं," मी म्हटलं. "आमची तेजल आहे ती. सगळ्यांत पहिली धावते."

लताबाईंनी पदराला हात पुसले आणि मोबाईल बघायला आत आल्या. मी तो त्यांच्याकडे दिला, कारण पुढचा कॉर्नर कधीही होऊ शकत होता आणि माझ्या हातात तो राहत नव्हता.